चंदनसारचं पाणी

माझ्या घरमालकिणीने मला भाडं सांगायच्या आधी मेथीच्या जुड्या बांधायला लावल्या. आम्ही नवराबायको गिरीजला जागा बघायला गेलो होतो. ओट्यावर लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी मेथीच्या ढिगामागे बसली होती. मी विचारलं, "मागची खोली भाड्याने द्यायची आहे ना?" तर वर न बघता म्हणते, "बस. हात चालू ठेव, मग बोल." आणि केळीच्या सोपटाची दोरी माझ्या पुढ्यात टाकली. नवरा उभाच होता. त्यालाही सुटका नाही. "तू काय देवळातला खांब आहेस? बस की." पाऊण तास जुड्या बांधल्या तेव्हा कुठे खोली दाखवली, आणि भाडं सांगितलं ते चहा झाल्यावर. माझ्या जुडीकडे बघून म्हणाली, "ढिली बांधतेस, पण बांधतेस. राहा."

सगळं गाव तिला बाय म्हणायचं. आमच्या देवगडकडे बाय म्हणजे लाडाची लहान मुलगी. इथे ही सत्तरी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची, वाडीत माठ-मुळा-मेथी लावणारी आणि पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजारात जाणारी. मी तोंडावर तिला तुम्ही म्हणायची. मनात मात्र पहिल्या महिन्यापासून तूच.

जुड्या बांधणं ही नुसती सुरुवात होती हे मला पुढल्या रविवारी कळलं. चर्चमधली मिस्सा आटोपून माणसं ओट्यावर जमली आणि जुड्या बांधता बांधता तावातावाने भांडायला लागली. मी विचारलं, हे काय चाललंय? बाय म्हणाली, "मंडळाची मीटिंग."

मंडळ म्हणजे गावठेवा मंडळ. वसईच्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या वस्तू, जुन्या रिती, जुनी गाणी जपायची, हा त्याचा हेतू. बायने ते काढलं होतं आणि जागा तिच्याच ओट्यावर होती. मीटिंगचा नियम एकच. भाजीचा ढीग संपला की मीटिंग संपली. "हात रिकामे असले की तोंड वाईट होतं," बाय म्हणायची. आणि खरं सांगते, मी नंतर पुष्कळ मीटिंगा बघितल्या, आमच्या बिल्डिंगच्या तर विचारूच नका, पण त्या ओट्यावरच्यासारखी शहाणी मीटिंग बघितली नाही. माणूस रागाने उठायला जातो आणि मांडीवर अर्धी जुडी असते. मग ती बांधून होईस्तोवर राग जरा निवतो.

मी देवगडची, हिंदू, भाडेकरू. माझा त्या मंडळाशी काय संबंध? हे मी बायला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुला वरच्या फळीवरचं स्टुलावाचून काढता येतं का?" मी म्हटलं, हो, मी उंच आहे. "मग तू वस्तूंची प्रमुख." झालं. अशी मी मंडळाची पदाधिकारी झाले.

आता वस्तू जपायच्या म्हणजे आपण काय करू? काचेचं कपाट करू, कुलूप लावू, "हात लावू नये" अशी पाटी लावू. अध्यक्षांचंही तेच म्हणणं होतं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचा माणूस. सगळं गाव त्यांना सर म्हणे. बायला मात्र ते शेजारचा पोरगा. ती त्यांना अरेतुरे करायची. सरांनी एकदा कपाटाचा विषय काढला तर बाय म्हणाली, "कपाटात काय ठेवायचं? हंडा? त्याने काय पाप केलंय?"

तिचा हट्ट असा, की मंडळाकडे आलेली वस्तू कामाला गेलीच पाहिजे. कुणाकडे लग्न असो, बाप्तिस्मा असो, मोठा हंडा, पाटा-वरवंटा, लाकडी काथवट, जे हवं ते न्या. एकच अट, भांडं रिकामं परत आणायचं नाही. त्यामुळे आमच्या ऐतिहासिक ठेव्यातून सतत काहीतरी खायला यायचं. कधी वडे, कधी गोड भात, कधी कोंबडीचा रस्सा. वस्तूंच्या प्रमुखाचं वजन वाढलं ते त्या वर्षात, आणि नंतर काही उतरलं नाही. एखादा हंडा पोचा पडून परत आला की नेणारा बिचारा तोंड पाडून उभा राहायचा. बाय पोच्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "बरं झालं. कुठे पडला, कसा पडला, सांग." ती गोष्ट सगळ्यांना ऐकवल्याशिवाय त्याची सुटका नसे.

नाताळात मंडळाचं प्रदर्शन व्हायचं. पहिल्या प्रदर्शनाला सरांनी रात्री जागून वस्तूंवर लावायच्या चिठ्ठ्या लिहिल्या. सुंदर अक्षर होतं त्यांचं. सकाळी बघतो तर वस्तूंवर एकही चिठ्ठी नाही. प्रत्येक वस्तूशेजारी एकेक म्हातारी खुर्चीवर बसलेली, आणि चिठ्ठी तिच्या मनगटाला बांधलेली. पाचूबंदरहून आलेल्या कोळीणबाईंच्या हातावर "जाळं" लिहिलेलं. त्या तर जाम वैतागल्या होत्या. "मना इकाया काढलीस का काय गो?" म्हणून बायला विचारत होत्या. सर तर रडायच्या बेतात आले होते. पण मुंबईहून कॉलेजची मुलं आली, चिठ्ठी वाचायला वाकली, आणि समोरून आवाज आला, "वाचतं काय? इचार ना. पानी किती खोल, जाळं किती लांब, इचार." दुपारपर्यंत त्या खुर्चीभोवती एवढी गर्दी, की कोळीणबाई जेवायला उठायला तयार नाहीत. दुसऱ्या वर्षी स्वतःच दोरा घेऊन आल्या. "बांध," म्हणाल्या.

अशी ही बाय. द्यायला हात सैल, हुकूम सोडायला जीभ सैल. पण एक गोष्ट मी हेरली होती. तिला मागता येत नसे. मीठ संपलं तर अळणी जेवेल, पण शेजारी वाटी घेऊन जाणार नाही. एकदा तिला ताप भरला होता. मी पेज घेऊन गेले तर म्हणते, "मी मागितली होती?" मी पण देवगडची. म्हटलं, "नव्हती मागितली, म्हणून तर आणली. गप गिळा." गिळली, आणि नंतर मला केळ्यांचा घड देऊन हिशेब फिटवला. घेतलेलं तिला पचायचं नाही.

आता सिंथियाच्या लग्नाची गोष्ट. तिच्यावरून मंडळ फुटायची वेळ आली होती.

इथल्या लग्नांत एक रीत आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी ओढतात, कळशा भरून घरी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला, आणि तिकडे नवऱ्यामुलाच्या घरी त्याला, अंघोळ घालतात. पुढे ट्रम्पेट, ढोल, मागे लाल लुगडी, काय थाट असतो! पण अर्धी माणसं आता फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे विहीर कुठून आणणार? मग लोक काय करतात, बाजा लावून बिल्डिंगच्या टाकीवर जातात. वॉचमन जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडतो, आणि बायका दोरीला कळशी बांधून आत सोडतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली. बाय मात्र हसली नाही. "यात हसायचं काय? विहीर गेली तरी बायका गेल्याच ना पाण्याला?"

सिंथियाचे आईवडील मूळचे गिरीजचे. ती लहान असतानाच ते विरारला चंदनसारला राहायला गेले. मुलगी तिथेच वाढली, तिथेच शिकली. लग्न ठरलं सांडोरच्या एका मोठ्या वाडीवाल्या घरात. मुलगा चांगला होता. पण त्याची थोरली काकी साखरपुड्यात सगळ्यांदेखत म्हणाली, "टाकीच्या पाण्याने अंघोळ? ही काय रीत झाली? बिल्डिंगवाल्यांना काय कळतंय." ते त्या पोरीच्या जिव्हारी लागलं. ती एका रविवारी मीटिंगच्या वेळी आली, कोणी न सांगता खाली बसली, मेथी हातात घेतली. मला तिथेच ती आवडली.

"बाय, मला मंडळाच्या तांब्याच्या कळशा हव्यात," ती म्हणाली. "पाणी आमच्या बिल्डिंगमध्येच काढायचंय. पण सगळं नीट, रीतीने. उद्या त्या घरात मला कोणी बिल्डिंगवाली म्हणून खाली बघायला लावायला नको. बाकी मला काही नको."

सर म्हणाले, "अगं, मग आपल्या गावची विहीर आहे की. भरलेली आहे. इथे ये, थाटात करू." मला ते अगदी पटलं. सगळ्यांनाच पटलं.

बाय जुडी बांधत म्हणाली, "ही पोरगी कुठलं पाणी पिऊन वाढली?"

"चंदनसारचं," सिंथिया म्हणाली.

"मग तिच्या डोक्यावर गिरीजचं पाणी कशाला? आम्ही कधी विचारलं तिला, बाय, तहान लागली का म्हणून?"

सर चिडले. एरवी ते कधी आवाज चढवत नसत. "म्हणजे शंभर वर्षांच्या कळशा सिमेंटच्या टाकीत सोडायच्या? उद्या कोणी पाण्याचा जार मागवेल. त्याच्याभोवती पण बाजा वाजवायचा का?"

"वाजवायचा," बाय म्हणाली. "वाजवायचं थांबलं की तू कपाट घेऊन बस."

"मग माझा राजीनामा घ्या."

"घेते. आधी हातातली जुडी बांध."

सरांनी ती बांधली, आणि उठून गेले. त्यांच्यामागे आणखी दोघे गेले. ओट्यावर ढीग तसाच पडून राहिला. असं कधीच झालं नव्हतं. बाय सिंथियाला म्हणाली, "तुझं पाणी मी आणीन. माझा शब्द आहे." पण त्या रात्री ती जेवली नाही हे मला माहीत आहे, कारण तिचं ताट मीच झाकून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही टेम्पो करून चंदनसारला गेलो. कळशा चिंच लावून अशा घासल्या होत्या, की त्यात बघून भांग पाडावा. बाजा नाक्यापासून सुरू झाला. आणि बघते तर कोण, मागे रस्त्याच्या कडेने सर चालताहेत! इस्त्रीच्या शर्टात, मान ताठ. मी म्हटलं, "सर, तुम्ही?" तर म्हणाले, "कळशा माझ्या जबाबदारीवर आहेत. राजीनामा अजून मंजूर झालेला नाही."

आणि बाय! बायच्या अंगात आलं होतं. मोबाइलच्या दुकानापुढे थांबली, नाचली. पिठाच्या गिरणीपुढे थांबली, गिरणीवाल्याला ओढून नाचवलं. पोळीभाजी केंद्रातल्या बायका लाटणी घेऊन बाहेर आल्या. ट्रम्पेटवाल्याचे गाल दुखायला लागले तरी बाय, "अजून एक, अजून एक." रस्त्यावरचे रिक्षावाले हॉर्नने ठेका धरत होते. सिंथियाची आई दोनदा म्हणाली, बाय, उशीर होतोय. बायने हाताने गप केलं. पाच मिनिटांच्या वाटेला आम्ही तासभर लावला असेल.

बिल्डिंगमध्ये पोचलो. टाकीभोवती झेंडूची माळ लावलेली, रांगोळी काढलेली. वॉचमन मात्र कोपऱ्यात हात चोळत उभा होता.

"मावशी, टाकी खाली है," तो म्हणाला. "पाच वाजता मोटर लावली. अर्धा घंटा सबको पानी दिया. अब टँकर उद्याच येणार."

झाकण उघडलं. सरांनी मोबाइलचा उजेड मारला. तळाला ओल आणि थोडा गाळ, बस्स. वरच्या टाकीतही काही नाही. जे काही पाणी होतं ते लोकांच्या घरातल्या पिंपांत गेलेलं.

बाजा थांबला. मला वाटलं आता सर म्हणणार, मी सांगितलं होतं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. पण त्यांनी नुसता मोबाइलचा उजेड बंद केला. बाय टाकीच्या कठड्यावर बसली. तिला मी कधी अशी बघितली नव्हती. लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि सिंथियाचा हात धरून म्हणाली, "बाय, माझं चुकलं गं. मी नाचत बसले. वेळेवर आले असते तर पाणी होतं." सिंथिया म्हणाली, "असू दे बाय." दुसऱ्या दिवशी सांडोरला पहिला प्रश्न काय येणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर रडूच फुटलं.

कोणीतरी म्हणालं, टेम्पो आहे, गिरीजहून भरून आणू. बायने मान हलवली. मग ती उठली, कळशी कमरेवर घेतली आणि तळमजल्यावरच्या पहिल्या दाराशी गेली. बेल तिला दिसली नाही, तिने कडी वाजवली. दार उघडलं. आतली बाई कणकेच्या हातांनी उभी. बायचा तो खणखणीत आवाज, ज्याला अख्खं गिरीज दचकतं, तो एवढासा झाला.

"तांब्याभर पाणी द्याल का? आमची पोरगी नवरी आहे."

मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. कळशी भरून चार मजले चढणं त्याच्यापुढे काहीच नाही.

ती बाई म्हणाली, "देते ना," आणि हात न धुताच आत पळाली. तांब्या आणून कळशीत ओतला. मग जरा लाजत म्हणाली, "मी पण आले तर चालेल का तुमच्याबरोबर?"

बस्स! सरांनी दुसरी कळशी उचलली, डोक्यावर नाही, खांद्यावर, इस्त्रीच्या शर्टावर. आणि बाजावाल्यांवर ओरडले, "उभे काय राहिलात? जिन्यात चला!"

जिन्यात ट्रम्पेट वाजलेला तुम्ही ऐकलाय कधी? भिंती हलतात. मजल्यामजल्यावर दारं धडाधड उघडली. सर प्रत्येक दाराशी शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलत, "नवरीच्या अंघोळीसाठी थोडं पाणी द्यावं." गुजराती आजी चांदीचा लोटा घेऊन आली. तिसऱ्या मजल्यावर एक देवगडची निघाली! "अगो, तू खयची?" करत आम्ही गळ्यात पडलो, आणि तिने माझ्यासमोर अर्धं पिंप रिकामं केलं. एका फ्लॅटमध्ये नोकरी करणारी चार मुलं एकत्र राहत होती. त्यांच्याकडे साठवणीचं पाणीच नाही. त्यांनी फ्रीजमधल्या बाटल्या ओतल्या. वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत, पाण्यावरून रोज भांडणारे. आमचे पाय जरा अडखळले. पण ते स्वतःच अर्धी बादली घेऊन बाहेर आले. "उद्याच्या माझ्या अंघोळीचं आहे," म्हणाले, "उद्या रविवार. नाही केली तरी चालेल."

खाली येईपर्यंत कळशा काठोकाठ झाल्या होत्या आणि मागे बायकांची ही रांग! गाऊनवर ओढणी घेतलेल्या, साडीतल्या, जीन्समधल्या. सिंथियाला पाटावर बसवलं. बायने पहिला तांब्या ओतला आणि पोरगी किंचाळून उभीच राहिली, फ्रीजचं पाणी होतं ना ते. सगळ्या जणी हसल्या. मग एकेकीने येऊन ओतलं. कणकेच्या हातांच्या बाईने ओतलं, गुजराती आजीने ओतलं, मी ओतलं. गिरीजच्या बायकांनी जुनी गाणी धरली. बाकीच्यांना शब्द येत नव्हते, त्या टाळ्या वाजवत होत्या. मला आजवर एवढा आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, हे नवऱ्याला सांगून टाकलंय मी.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न लागलं. संध्याकाळी सांडोरला केळीच्या वाडीत मांडव होता. आम्ही जेवायला बसलो होतो. ती थोरली काकी नवरीच्या पंगतीजवळ येऊन उभी राहिली. सुपारीएवढा अंबाडा, अंगभर सोनं, धिप्पाड बाई. आमच्या सगळ्यांचे घास हातात थांबले.

"काय गं," काकीने विचारलं, "पाणी शेवटी कुठल्या विहिरीचं आणलंस?"

सिंथियाने मान खाली घातली नाही. "विहिरीचं नाही काकी. टाकीचंही नाही. टाकी रिकामी निघाली. मग आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांतून मागून आणलं. सगळ्या बायका खाली आल्या. सगळ्यांनी घातलं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

काकी रिकामी खुर्ची ओढून बायच्या शेजारी बसली. आमच्याकडे बघत नव्हती, मांडवाबाहेर अंधारात जिथे त्यांची विहीर होती तिकडे बघत होती.

"आमची विहीर काठोकाठ भरलेली," ती म्हणाली. "नवऱ्यामुलाच्या पाण्याला काल मी आणि माझी जाऊ, दोघीच. कोणी पार्लरला गेलेल्या, कोणी हॉलवर. आम्हा दोघींच्याने कळशी ओढवेना. शेवटी मोटर लावली आणि पाइपने भरली."

बायने ताट बाजूला सारलं आणि काकीच्या हातावर हात ठेवला.

"पुढचं लग्न कधी आहे तुमच्याकडे?"

"धाकट्याचं. ईस्टर झाल्यावर."

"मग मी चंदनसारच्या बायका पाठवते."

काकी हसली नाही. तिने बायकडे वळून अगदी हळू विचारलं, "खरंच येतील?"

ईस्टरनंतरच्या त्या शनिवारी चंदनसारहून सांडोरला दोन टेम्पो भरून बायका गेल्या. पुढच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी सर बसले होते, मांडीवर दोरी घेऊन.